इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या पबमध्ये उतरायचं असेल तर

प्रश्न असा आहे. पुढच्या जूनमध्ये पुण्याहून पाच जणांचं कुटुंब इंग्लंडला येतंय: नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले आई-बाबा. लंडन झालं की पाच-सहा दिवस खेड्यांत काढायचेत, आणि मुक्काम साखळी हॉटेलांत न करता जुन्या पबमध्ये, 'इन'मध्ये, म्हणजे वर राहायच्या खोल्या असलेल्या पबमध्ये करायचाय. बाबा माळकरी आहेत, आई अंडंही खात नाही, नवऱ्याला तिथली बिअर चाखायचीय. पबमध्ये आई-बाबांना अवघडल्यासारखं होईल का, धड जेवण मिळेल का आणि खोल्या कशा असतात, असं विचारलंय.

मी बरीच वर्षं यॉर्कशरमध्ये राहते. आमचा मराठी मंडळींचा डोंगर चालणाऱ्यांचा गट आहे आणि त्यांचे मुक्काम ठरवायचं काम माझ्याकडे असतं. भारतातून येणाऱ्या आई-वडिलांनाही मी आवर्जून पबमध्येच उतरवते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जरूर उतरा, पण आखणी उलट्या क्रमाने करा. आपण आधी बघायची ठिकाणं ठरवतो आणि मग रात्री पाठ टेकायला खोली शोधतो. इथे आधी पब ठरवा, त्याच्या स्वयंपाकघराचे दिवस आणि वेळा विचारून घ्या, आणि दिवसाचं फिरणं त्याभोवती बसवा. खेड्यातला पब मुळात गावासाठी चालतो, प्रवासी त्यात सामील होतो. एवढं लक्षात ठेवलं की खाली लिहिलेल्या बहुतेक गोष्टी आपोआप समजतील.

आई-बाबांबद्दल आधी बोलू. आपल्याकडे बार म्हटलं की काळ्या काचांची परमिट रूम डोळ्यांसमोर येते, आणि तिथे घरच्या बायकामुलांना घेऊन जायचं म्हणजे संकोच वाटणारच. इथल्या खेड्यातल्या पबमध्ये दुपारी साडेबाराला शिरलात तर खिडकीपाशी दोन आजीबाई सूप-पाव खात बसलेल्या दिसतील, एखादं जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलेलं असेल, चिखलाचे बूट दाराशी काढून आलेले चालकरी असतील आणि त्यांच्या पायाशी कुत्रा झोपलेला असेल. निम्म्या टेबलांवर चहा-कॉफीच असते. तुम्ही दारू घेत नाही याचं कुणाला काही वाटत नाही, कुणी विचारतही नाही. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमधल्या पबमध्ये आत धूम्रपानाला बंदी आहे, त्यामुळे धुराचा त्रास नाही. मुलीला आई-वडिलांबरोबर आत यायला कायद्याची आडकाठी नाही. काही ठिकाणी रात्री आठ-नऊनंतर लहान मुलांना बारच्या खोलीत बसू देत नाहीत, तेवढं विचारून घ्या. बाबांना लिंबाचा अर्क घातलेला सोडा, म्हणजे 'लाइम अँड सोडा', मागवा. सगळ्या पबमध्ये मिळतो आणि स्वस्त असतो.

शुक्रवार-शनिवारची रात्र मात्र गावाची असते. तेव्हा आवाज वाढतो, उभं राहायला जागा नसते, कधी गाणंबजावणं असतं. ज्येष्ठांना घेऊन या दोन रात्री पबमध्ये काढू नका, त्या लंडनसाठी किंवा एखाद्या शहरासाठी ठेवा.

आता थोडा इतिहास, कारण खोल्यांची आणि इमारतीची रचना त्यातूनच आली आहे. रेल्वेच्या आधी लांबचा प्रवास घोडागाडीने व्हायचा. २ ऑगस्ट १७८४ ला ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपालगाडी निघाली आणि त्यानंतर मोठ्या रस्त्यांवर घोडे बदलायच्या, जेवायच्या, झोपायच्या सरायांची भरभराट झाली. लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावर स्टॅमफर्ड गावी 'द जॉर्ज' आहे. तिथे दर्शनी भागात समोरासमोर दोन खोल्या, एकीचं नाव लंडन, दुसरीचं यॉर्क. ज्या दिशेची गाडी पकडायची त्या खोलीत प्रवाशांनी थांबायचं. त्याच रस्त्यावरच्या स्टिल्टन गावात 'द बेल'मध्ये प्रवाशांना एक निळ्या शिरांचं चीज विकत. ते बनायचं दुसरीकडे, पण विकलं जायचं इथे, म्हणून त्याला नाव पडलं स्टिल्टन. जुन्या इनच्या मधोमध जी उंच कमान दिसते ती गाडी घोड्यांसकट आत घेण्यासाठी होती. आज तिच्यातून तुमची भाड्याची मोटार आत जाते, मागच्या अंगणात उभी राहते, आणि पूर्वीच्या तबेल्यांच्या खोल्या केलेल्या असतात. हे तबेले लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

१८३०-४० नंतर रेल्वे आली आणि रस्त्यावरची गर्दी ओसरली. जे इन टिकले ते गावाच्या जिवावर टिकले. म्हणून आजही चांगल्या इनमध्ये गावकरी आणि प्रवासी एकाच छपराखाली बसतात. प्रवाशाला दारातून परत न पाठवण्याची या धंद्याची जुनी कायदेशीर जबाबदारी आहे. १९५६ च्या हॉटेल प्रोप्रायटर्स कायद्यात ती स्पष्ट लिहिली आहे: जो पैसे द्यायला तयार आहे आणि ठीक अवस्थेत आहे अशा कुठल्याही प्रवाशाला खाणं, पिणं आणि खोली शिल्लक असेल तर जागा द्यायची. त्याआधी वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लेअरी कॉन्स्टंटाइन यांनी याच जबाबदारीच्या आधारावर खटला लढवला होता. १९४३ मध्ये लॉर्ड्सवरच्या सामन्यासाठी ते लंडनला आले, खोली आधी ठरलेली होती, आणि इम्पीरियल हॉटेलने त्यांच्या रंगामुळे त्यांना राहू दिलं नाही. १९४४ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरपाई फक्त पाच गिनी, म्हणजे सव्वापाच पौंड मिळाली, पण तो निकाल फार मोलाचा ठरला. हे मुद्दाम सांगते, कारण आपली माणसं कधीकधी विचारतात, 'आम्हाला चालवून घेतील ना?' तिथे राहायचा तुमचा हक्क आहे, उपकार नाही. आडगावच्या पबमध्ये शिरल्यावर क्षणभर सगळ्यांच्या माना वळतील. त्या कुठल्याही परक्या माणसासाठी वळतात. दारातूनच मोकळेपणाने 'गुड ईव्हनिंग' म्हणा, की गप्पा पुन्हा सुरू होतात.

जाता जाता: त्याच कायद्याने पाहुण्यांचं सामान हरवलं तर मालकाची जबाबदारी एका वस्तूला ५० पौंड आणि एकूण १०० पौंडांपर्यंतच ठेवली आहे, आणि मोटार किंवा तिच्यातलं सामान त्यात येतच नाही. दागिने, पासपोर्ट गाडीत ठेवू नका.

आता वेळांचं प्रकरण. आपली सगळ्यात जास्त पंचाईत इथेच होते. बार रात्री अकरापर्यंत उघडा असला तरी स्वयंपाकघर त्याच्या खूप आधी बंद होतं. दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन-अडीच, रात्रीचं सहा ते साडेआठ, फार तर नऊ. मधल्या वेळात कित्येक छोटे पब चक्क कुलूप लावून बंद असतात. जूनमध्ये उत्तरेला साडेनऊनंतरही उजेड असतो. आपण डोंगरावर ऊन बघत रेंगाळतो, घड्याळाकडे लक्ष जात नाही, आणि नऊला खाली उतरलं की शेंगदाण्याच्या पाकिटावर रात्र काढावी लागते. खेड्यात दुसरं हॉटेल नसतं, दुकान सहालाच बंद झालेलं असतं. आई-बाबा आणि लहान मूल बरोबर असताना सातचं टेबल धरा, त्यापुढचं नको.

दिवसांचंही तसंच. रविवारी दुपारी मोठं जेवण असतं, त्यामुळे रविवारी संध्याकाळी बहुतेक खेड्यांतली स्वयंपाकघरं बंद. सोमवारी आणि काही ठिकाणी मंगळवारीही सुट्टी. रविवार-सोमवारच्या खोल्या स्वस्त दिसतात त्या यामुळेच. शुक्रवार-शनिवारी खोली हवी तर दोन रात्रींची अट असते. या सगळ्याचा हिशेब मांडला की तुमच्यासाठी मंगळवार ते गुरुवार हे दिवस उत्तम उरतात. येण्याची तारीख अजून पक्की नसेल तर मेअखेरचा आठवडा टाळा. तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि सोमवारची सार्वजनिक सुट्टी धरून सगळा देश बाहेर पडलेला असतो.

आणि हे ठळक अक्षरात समजा: खोली आरक्षित केली म्हणजे जेवणाचं टेबल आरक्षित होत नाही. ती दोन वेगळी आरक्षणं आहेत. खोली वर, आणि खाली टेबलं भरलेली, असं पुष्कळदा होतं. फोन करतानाच दोन्ही सांगा.

आत गेल्यावर काय करायचं ते पहिल्यांदा येणाऱ्याला कळत नाही, आणि टेबलावर बसून वेटरची वाट बघण्यात अर्धा तास जातो. वेटर येणार नसतो. आधी बारपाशी जाऊन विचारायचं, 'आम्ही जेवणार आहोत, कुठे बसू?' बारवरचं माणूस दाखवेल तिथे बसायचं, मेन्यूकार्ड किंवा भिंतीवरचा खडूचा फळा वाचायचा, टेबलावर कोरलेला किंवा चिकटवलेला नंबर लक्षात ठेवायचा, आणि पुन्हा बारपाशी जाऊन एकाच माणसाने सगळ्यांची ऑर्डर द्यायची. पेयं लगेच हातात मिळतात, जेवण टेबलावर येतं. बारपाशी रांग दिसत नाही, पण असते. कोण कुणाआधी आलं हे तिथल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं असतं, आणि बारवाल्या बाईंनी चुकून तुम्हाला आधी विचारलं तर 'हे माझ्या आधी आलेत' असं म्हटलंत की त्या गावात तुमची ओळख झालीच म्हणून समजा. नोटा हलवणं, 'एक्सक्यूज मी' करून हाक मारणं नको, नजरेला नजर मिळाली की पुरे. तुम्ही वर राहताय हे सांगितलं तर बिल खोलीच्या नावावर लावतात. बारवर टिप द्यायची पद्धत नाही. टेबलावर येऊन कुणी वाढलं असेल आणि बिलात आधीच सेवाशुल्क नसेल तर दहा टक्के ठेवतात.

जेवणाचे दर सांगायचे तर मुख्य पदार्थ साधारण १५ ते २० पौंडांना पडतो आणि ताटली भरलेली येते. आपल्या आई-बाबांना एकात दोघांचं होईल.

शाकाहाराबद्दल खरं सांगते: गेल्या काही वर्षांत फार सुधारणा झाली आहे, पण 'व्हेजिटेरियन' एवढ्या एका शब्दावर विसंबू नका. मेन्यूवर 'व्ही' असलेल्या पदार्थात अंडं असू शकतं. तुमच्या आईंसाठी सरळ 'व्हीगन' खूण असलेले पदार्थ बघा, त्यात अंडंही नसतं आणि मांसाचा रसही. वर लोणी किंवा चीज हवं तर वेगळं मागून घ्यायचं. मेन्यूच्या तळाशी खुणांचा अर्थ छापलेला असतो, तो वाचा. अंडं, दूध, मोहरी, तीळ, शेंगदाणा धरून चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला देणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे 'यात अंडं आहे का' असं विचारलं तर स्वयंपाकघरातली फाइल उघडून बघतात, अंदाजाने सांगत नाहीत. या फाइलचा पुरेपूर उपयोग करा. त्या चौदांत मांस मात्र येत नाही, ते वेगळं विचारावं लागतं.

कुठे कुठे विचारायचं ते सांगते. बटाट्याच्या चिप्स कशात तळतात? यॉर्कशरमध्ये अनेक ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात आणि मेन्यूवर ते अभिमानाने लिहितात. रविवारच्या जेवणातले भाजलेले बटाटे बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परतलेले असू शकतात. ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते. शाकाहारी वेगळी मागा. सूपचं पाणी कोंबडीचं असू शकतं. 'पाय' (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि 'डम्पलिंग' (पिठाचे शिजवलेले गोळे) यांत 'सूएट' असू शकतं, ती जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. शाकाहारी सूएटही मिळतं, पण विचारावं लागतं. पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाने बनतं, तर इथलं बरंचसं चेडर शाकाहारी रेनेटचं असतं. चीज घालून भाजलेल्या टोस्टवर वुस्टरशर सॉस टाकतात आणि त्यात मासे असतात. यादी वाचून घाबरू नका. बुकिंग करतानाच 'मांस, मासे, जनावराची चरबी आणि अंडं नको' एवढं लिहून कळवलं तर स्वयंपाकी एक दिवस आधी वेगळी सोय करतात. ऐन गर्दीत उभं राहून विचारलं तर त्यांचाही नाइलाज होतो.

मग खायचं काय? सालीसकट भाजलेला मोठा बटाटा, म्हणजे 'जॅकेट पोटॅटो', त्यावर लोणी, चीज किंवा टोमॅटोतल्या बीन्स. हा दुपारी मिळतो, रात्री क्वचित. बाबांची एकादशी त्या आठवड्यात आली तर नुसता लोणी-मीठ घालून मागवा, उपास निभतो. 'प्लाउमन्स' म्हणजे जाड पाव, चीज, मुरवलेला कांदा, गोडसर आंबट लोणचं आणि सफरचंदाच्या फोडी. थंडच असतं पण पोटभरीचं. रविवारी मांसाच्या जागी सुक्या मेव्याचा 'नट रोस्ट' मिळतो. त्यात आणि बरोबरच्या यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतं, म्हणजे तो बाबांनी चालवून घेतला तर त्यांच्यापुरता. बहुतेक पबमध्ये एखादी भाज्यांची करीही असते. तिच्याकडून आपल्या चवीची अपेक्षा ठेवू नका, पण गरम भात तरी मिळतो.

गोडाबद्दल आईंना आवर्जून सांगा. सफरचंदाचा किंवा रुबार्बचा 'क्रम्बल' मागवायचा: शिजवलेलं फळ, वर लोणी-पीठ-साखरेचा खरपूस चुरा, अंडं बहुधा नसतं, तरी फाइलीत बघायला सांगा. बरोबर गरम कस्टर्ड येतं. ते ताजं केलेलं असेल तर त्यात अंड्याचा बलक असतो, पावडरचं असेल तर नसतो. ही पावडर १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी काढली, तीच मुळी त्यांच्या बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. आपल्याकडच्या फ्रूट सॅलडमधलं कस्टर्ड त्याच पावडरीच्या वंशातलं. 'पावडरचं का ताजं?' असं विचारलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. जनावरांपासून काढलेल्या जिलेटिनमुळे जेली आणि पॅना कोटा मात्र टाळा.

नवऱ्याच्या बिअरचं. बारवर उभे लाकडी किंवा चिनीमातीचे दांडे दिसतात, ते हातपंप. त्यांतून येते ती 'कास्क एल'. ही पिंपातच शेवटचं आंबवण घेते, तिच्यात वरून वायू सोडत नाहीत आणि ११ ते १३ अंशांवर वाढतात. आपल्याकडच्या बर्फगार बिअरची सवय असेल तर पहिला घोट कोमट वाटेल, दुसऱ्या पेल्यापासून माल्ट आणि हॉप्सची चव कळायला लागते. मोठ्या कंपन्यांच्या वायू घातलेल्या 'केग' बिअरपुढे ही पद्धत मरायला टेकली होती. १९७१ मध्ये ग्राहकांनी 'कॅमरा' ही संघटना काढली आणि ती वाचवली, याबद्दल मला फार आदर आहे. नेहमीचं पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंटांचं, आणि उघडल्यावर तीनेक दिवसांत संपलं तरच चांगलं. म्हणून लहान गावात आठ हातपंप बघून हुरळून जाऊ नका. दोन किंवा तीनच असतील तर बिअर ताजी असण्याची शक्यता जास्त. दांड्यावरचं नाव उलटं फिरवलेलं असेल तर ती संपली आहे. पूर्ण पाइंट ५६८ मिलीलिटरचा असतो, अर्धा मागायला काही हरकत नाही, आणि आधी घोटभर चव मागितली तर देतात. नवराही शाकाहारी असेल तर एक गोष्ट: कास्क एल नितळ करायला पुष्कळदा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेलं 'आयसिंग्लास' वापरतात. न नितळलेल्या, व्हीगन असं लिहिलेल्या एल आता बऱ्याच मिळतात. गाडी चालवणाऱ्याने काहीच घेऊ नये. खेड्यातले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि रात्री दिवे नाहीत.

खोल्यांचं चित्र आधीच स्पष्ट असू द्या. दोघांच्या खोलीला नाश्त्यासकट साधारण ९० ते १५० पौंड. इमारत दोनतीनशे वर्षं जुनी, जिना अरुंद आणि चढा, लिफ्ट नाही, जमीन तिरकी, पाऊल टाकलं की फळ्या करकरतात, आणि दाराच्या तुळया इतक्या खाली की उंच माणसाचं कपाळ आपटतं. कित्येक इमारती वारसा म्हणून संरक्षित आहेत, त्यामुळे मालकाला मनात आलं म्हणून खिडक्यासुद्धा बदलता येत नाहीत. आई-बाबांच्या गुडघ्यांसाठी तबेल्यांच्या त्या तळमजल्यावरच्या खोल्या मागा. त्या बारपासून लांब असतात, शांत असतात आणि दारापर्यंत गाडी जाते. मुख्य इमारतीतच राहायचं असेल तर 'बारच्या किंवा स्वयंपाकघराच्या वरची नको' असं सांगा. स्वयंपाकघराचा धूर ओढणारा पंखा रात्री दहापर्यंत घोंगावतो. 'डबल' म्हणजे एक मोठा पलंग, 'ट्विन' म्हणजे दोन सुटे. वयस्कर जोडप्याला ट्विन बरी पडते. स्नानगृह खोलीतच आहे ना हेही विचारा. अंघोळीला बादली-तांब्या नसतो, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, आई-बाबा दुवा देतील.

खोलीत किटली, चहाच्या पुड्या आणि इवल्याशा दुधाच्या डब्या असतात. त्या दुधाने आपला चहा होत नाही. खाली जाऊन 'एक जग ताजं दूध मिळेल का' म्हणा, आनंदाने देतात. चहा मसाला आणि आपली पावडर घरून आणा. थेपले-चटणी खोलीत खायला कुणाची ना नसते, पण खालच्या बारमध्ये आपलं खाणं उघडू नका, आणि खोलीत काही शिजवू नका. बाबांना पूजेची सवय असेल तर निरांजन आणि उदबत्ती लावू नये हे आधीच समजावून सांगा. धुराची घंटा सगळ्या इमारतीची एकदम वाजते आणि लाकडी घरात आगीची भीती खरीच असते.

नाश्ता किती वाजता आणि काय, ते आदल्या रात्री विचारतात, कधी कागदावर खुणा करायला देतात. 'फुल इंग्लिश' म्हणजे बेकन, सॉसेज, अंडी, बीन्स, मशरूम, टोमॅटो, टोस्ट. आईंसाठी बीन्स, मशरूम, टोमॅटो, टोस्ट आणि पॉरिज, म्हणजे ओट्सची खीर, एवढं सुखाने जमतं. मशरूम वेगळ्या भांड्यात परतायला सांगा. पोहोचायची वेळही कळवा. दुपारी पब बंद असेल तर दार उघडायला कुणीतरी थांबावं लागतं, आणि रात्रीसाठी बाजूच्या दाराची किल्ली मागून घ्यावी लागते.

पब निवडायचा कसा? 'प्रीमियर इन', 'हॉलिडे इन' या हॉटेलांच्या साखळ्या आहेत, त्या यात धरू नका. पाटीवर 'फ्री हाउस' असेल तर तो पब कुठल्या ब्रुअरीशी किंवा कंपनीशी बांधलेला नाही, मालक स्वतः बिअर निवडतो. एवढ्यावरून जेवण चांगलं असेलच असं नाही, पण मी तिथून सुरुवात करते. मेन्यू आखूड हवा आणि ऋतूप्रमाणे बदलणारा हवा. चाळीस पदार्थांची चकचकीत यादी असेल तर स्वयंपाक फ्रीझरमधून होतो. मंगळवारी संध्याकाळी गावची माणसं तिथे बसलेली असतील तर डोळे मिटून जा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या पायवाटांच्या नकाशावर पब निळ्या मगच्या चित्राने दाखवलेले असतात; डोंगरातला दिवस आखायला मी आजही तोच नकाशा पसरते.

तुमच्यासाठी मी दोन ठिकाणं सुचवीन. गाडी चालवायची नसेल तर पीक डिस्ट्रिक्टमधलं ईडेल. लंडनहून रेल्वेने शेफील्ड दोनेक तास, तिथून छोट्या गाडीने अर्ध्या-पाऊण तासात थेट गावात. तिथला 'ओल्ड नॅग्ज हेड' म्हणजे १९६५ मध्ये सुरू झालेल्या २६८ मैलांच्या पेनाइन वे या पायवाटेची अधिकृत सुरुवात. आई-बाबांना दरीतल्या सपाट शेतवाटा, तुम्हाला वरचं किंडरचं डोंगरपठार, आणि संध्याकाळी सगळे एका टेबलावर. गाडी असेल तर यॉर्कशर डेल्स. तिथल्या व्हार्फडेल खोऱ्याच्या वरच्या टोकाला हबरहोम हे चार घरांचं गाव आहे. तिथल्या 'द जॉर्ज'मध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी चर्चच्या मालकीचं कुरण भाड्याने द्यायचा लिलाव होतो, आणि मेणबत्ती विझेपर्यंत बोली चालते. तिथून पुढे टॅन हिल इन, ५२८ मीटरवर, ब्रिटनमधला सगळ्यात उंचावरचा पब. नोव्हेंबर २०२१ च्या वादळात साठेक माणसं तिथे तीन रात्री बर्फात अडकली होती, बरोबर गाण्याचा कार्यक्रम करायला आलेले वादकही. मुलीला ही गोष्ट सांगा. राहायला तिथे नको, आई-बाबांना वारा सोसणार नाही, दुपारचं सूप पिऊन खाली उतरा.

बाथच्या बाजूला जाणार असाल तर लेकॉक गावच्या 'द जॉर्ज'मध्ये एक दुपार जेवा. शेगडीपाशी अजूनही एक लाकडी चाक आहे. त्यात कुत्रा चालवून मांस टोचलेला गज विस्तवावर फिरवत. आणि क्रिकेटवेड्या नवऱ्यासाठी हॅम्पशरमधलं हॅम्बल्डन: ब्रॉडहाफपेनी डाउन मैदानासमोरचा 'बॅट अँड बॉल' पब अठराव्या शतकात हॅम्बल्डन क्लबचे कर्णधार रिचर्ड नायरन चालवायचे. लॉर्ड्सच्या आधी या खेळाचे नियम आणि डावपेच जिथे घडत होते ती ही जागा.

आता लगेच करायचं काम: पब निवडलात की संकेतस्थळावरून तारीख बघा, पण आरक्षण मध्यस्थ साइटवरून न करता पबला थेट फोन किंवा मेल करून करा. मध्यस्थाचं कमिशन वाचतं, म्हणून खोली निवडून देताना ते तुमचा आधी विचार करतात. मेलमध्ये एवढं लिहा: दोन खोल्या, एक तळमजल्यावरची ट्विन आणि एक तिघांची, मंगळवार ते शुक्रवार सकाळ, तिन्ही रात्री सात वाजता पाच जणांचं टेबल, एकांना मांस, मासे, चरबी नको, एकांना शिवाय अंडंही नको, आम्ही चारच्या सुमारास पोहोचू, तेव्हा दार उघडं असेल का. चार दिवसांत उत्तर आलं नाही तर सकाळी अकराच्या सुमाराला फोन करा. तेव्हा बार उघडायच्या तयारीत माणसं आलेली असतात आणि दुपारच्या जेवणाची धावपळ अजून सुरू झालेली नसते.